सेल्फ चेकआउट मशीन: अडीच स्टार, त्यातला दीड तिथं उभ्या असलेल्या माणसाचा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एखाद्या दुकानाचा नाही आणि कुठल्या एका कंपनीच्या मशीनचाही नाही, सेल्फ चेकआउट, म्हणजे सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरायचं मशीन, या प्रकाराचाच आहे, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतं, तोच काचेचा चौकोन, तोच खाली लपवलेला वजनकाटा, तोच वर खांबावरचा हिरवा-लाल दिवा, आणि आतून बोलणारी तीच बाई जी तेच तेच कितीदा सांगायला लागलं तरी आवाज चढवत नाही. लोक रिव्ह्यू लिहितात ते स्क्रीन कसा आहे, कार्ड पटकन घेतं का, यावर. ते मीही लिहिणारे, पण या मशीनवरून 'नोकऱ्या खाणार' आणि 'काही होत नाही, नवीन नोकऱ्या येतात' अशी भांडणं इतकी वर्षं चाललीत की म्हटलं एकदा वापरणाऱ्याच्या बाजूने बघू, की बाबा हे मशीन नक्की कोणाचं काम करतं.

जे आवडतं ते पटकन सांगून टाकते, कारण ते खरंच आवडतं. दोन-तीन वस्तू हातात आहेत, डोकं दुखतंय, कोणाशी एक शब्द बोलायची इच्छा नाहीये, अशा वेळी हे मशीन म्हणजे सुख आहे. टिक, टिक, कार्ड टेकवलं, बाहेर. आपण काय विकत घेतोय ते कोणी बघत नाही, काही वस्तू घेताना हे किती बरं वाटतं ते ज्याला माहीत त्याला माहीत. ज्यांना नीट ऐकू येत नाही किंवा समोरच्याची भाषा येत नाही त्यांना स्क्रीनवर वाचून काम उरकता येतं. आणि सगळ्यात मोठा फायदा रांगेचा: सहा-आठ मशीनना मिळून एकच रांग असते, त्यामुळे पुढच्याचं कार्ड चाललं नाही किंवा त्याला आयत्या वेळी काहीतरी विसरल्याचं आठवलं तरी आपण त्याच्यामागे अडकून बसत नाही, बाजूचं मशीन मोकळं होतं आणि आपण तिथं जातो. (ही एकच रांग माणसांच्या काउंटरना पण लावता येते हं, बऱ्याच ठिकाणी लावतातही. त्यामुळे हे श्रेय मशीनला किती द्यायचं ते तुम्ही ठरवा.)

आता कामाकडे येऊ. कॅशियर काय करते? वस्तू उचलते, बारकोड शोधते, काचेसमोर धरते, पुढे सरकवते, बारकोड नसेल तर नंबर टाकते, पैसे घेते, पावती देते. यातलं बारकोड वाचणं आणि बेरीज करणं हे मशीनकडे कधीच गेलंय. 26 जून 1974 ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय नावाच्या गावात च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं, दुकानातला तो पहिला बारकोड, तेव्हापासून. म्हणजे सेल्फ चेकआउटने त्यात नवीन काय आणलं? स्कॅनर तोच, बारकोड तोच, काच तीच, फक्त मशीनचं तोंड फिरवून आपल्याकडे केलंय. उचलणं, बारकोड शोधणं, धरणं, पिशवीत भरणं हे सगळं हाताचं काम जसंच्या तसं शिल्लक आहे, आधी ते पगारी हात करत होते, आता आपले फुकटचे हात करतात. पैसे घेणं तेवढं खरंच मशीनने उचललं, पण तेही कार्ड आलं तेव्हाच निम्मं झालं होतं.

आणि ही युक्ती काही आजची नाही. 1916 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने पिगली विगली नावाचं दुकान काढलं, त्याच्या आधी गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि नोकराने फळीवरून माल काढून द्यायचा अशीच पद्धत होती, याने टोपली हातात दिली आणि म्हणाला जा, घ्या तुमचं तुम्ही. म्हणजे माल काढून देणाऱ्याचं काम तेव्हाच आपल्या गळ्यात पडलं. पण तेव्हा बदल्यात काहीतरी मिळालं, माल स्वस्त झाला, हातात घेऊन बघता यायला लागला, कोणी नोकर 'हेच घ्या' म्हणून डोक्यावर उभा नाही. पुढे 1986 मध्ये अमेरिकेतच अटलांटाजवळच्या क्रोगर नावाच्या साखळीच्या दुकानात डेव्हिड हंबल यांच्या चेकरोबॉट कंपनीचं पहिलं सेल्फ चेकआउट बसलं, नाव बघा, चेकरोबॉट! रोबॉट कुठं आहे त्यात, मी आहे तिथं. आणि या वेळी बदल्यात काय मिळालं हे मी प्रामाणिकपणे शोधतेय. मी स्कॅन केलं म्हणून बिल कमी झालेलं मला कुठं दिसलेलं नाही.

वजनकाट्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण निम्मी भांडणं तिथंच होतात. मशीनला दिसत नाही. म्हणजे नवीन मशीनना कॅमेरे असतात, पण मूळ सिस्टीम आंधळी आहे, तिला एवढंच कळतं की अमुक बारकोड वाचला आणि त्या बारकोडचं वजन साठवलेल्या यादीत इतकं आहे. मग पिशवीच्या जागेवर तेवढंच वजन वाढलं का हे ती बघते, थोडाफार फरक चालवून घेऊन. वाढलं तर पुढे, नाही वाढलं तर लाल दिवा. आता कंपनीने वेष्टन बदललं, पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिक आलं, पण यादीत जुनंच वजन आहे, तर लाल दिवा. वस्तू इतकी हलकी की काट्याला कळलीच नाही, एखादं ग्रीटिंग कार्ड वगैरे, तर लाल दिवा. आपली कापडी पिशवी ठेवली आणि 'माझी पिशवी' हे बटण आधी दाबलं नाही, लाल दिवा. बरोबरच्या लहान मुलाने काट्यावर हात टेकवला, लाल दिवा. पिशवी भरली म्हणून उचलून खाली ठेवली, लाल दिवा आणि शिवाय मागच्या लोकांच्या नजरा. यातल्या एकाही प्रसंगात कोणी चोर नाही, पण मशीन प्रत्येकाकडे आधी चोर म्हणूनच बघतं आणि निर्दोष आहे हे सिद्ध करायला माणूस बोलवावा लागतो.

सुट्या मालाचं तर विचारू नका. बारकोड नसलेल्या फळं-भाज्यांना जगभर चार आकडी कोड असतात, साध्या केळ्यांचा 4011, ऑरगॅनिक असेल तर पुढे 9 लागतो. मुरलेली कॅशियर असले कितीतरी नंबर तोंडपाठ ठेवते, वस्तू बघितली की बोटं आपोआप चालतात. आपण मात्र स्क्रीनवर चित्रं बघत बसतो, हे का ते, लाल का हिरवं, सुटं का जुडी, आणि शेवटी कंटाळून जवळपास दिसणाऱ्या चित्रावर बोट ठेवतो. एका माणसाचं वर्षानुवर्षं कमावलेलं कसब काढून टाकलं आणि त्या जागी लाखो नवशिके उभे केले, याला प्रगती म्हणायचं तर म्हणा, मला ते काम मंद झालेलंच दिसतं. ट्रॉली भरलेली असेल तर सरावाची कॅशियर आपल्या किती पुढे असते ते कधीतरी शेजारच्या काउंटरवर नजर ठेवून बघाच. आपल्याला मशीन जलद वाटतं कारण आपले हात चालू असतात, नुसतं उभं राहिलं की वेळ जात नाही एवढंच.

आता मुख्य मुद्दा, तिथं उभी असणारी बाई. (माणूसही असतो, पण मला बहुतेक वेळा बाईच दिसते.) सहा-आठ मशीन आणि त्यांच्यावर एक जण. दुकानाच्या हिशेबात हे छान दिसतं, आधी चार काउंटरना चार जणी, आता एकीत भागलं. पण तिचं काम आधीच्या कामाच्या चौपट नाही, ते वेगळंच काम आहे. ज्यांचं सगळं सुरळीत होतं ते तिच्यापर्यंत येतच नाहीत, ते टिक टिक करून निघून जातात. तिच्या वाट्याला फक्त अडलेले येतात. वय तपासा, चुकून दोनदा स्कॅन झालेलं काढा, चोरी होऊ नये म्हणून लावलेला टॅग सोडवा, आजोबांना पहिल्यापासून शिकवा, पावतीचा रोल बदला, स्क्रीन पुसा, आणि हे करताना कोणी काही न स्कॅन करता पिशवीत टाकतंय का त्यावर लक्ष ठेवा, आणि ठेवतोय हे त्याला कळूही देऊ नका. माझ्या ओळखीतली एक जण बरीच वर्षं काउंटरवर होती, आता मशीनपाशी असते. ती म्हणाली, "अगं पूर्वी दिवसात एखादा भांडायचा, बाकीचे येऊन दोन शब्द बोलून जायचे. आता मला जो हाक मारतो तो आधीच तापलेला असतो, आणि मशीनवर ओरडता येत नाही म्हणून माझ्यावर ओरडतो." पगार वाढला का विचारलं तर हसली फक्त.

लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्येच लिहून ठेवलंय की ऑटोमेशन करणारे सोपं सोपं काम मशीनला देतात आणि जे त्यांना जमलं नाही ते माणसासाठी मागे ठेवतात, म्हणजे माणसाकडे अवघड तुकडेच उरतात, आणि वर त्याने सतत पहारा ठेवायचा, जे माणसाला नीट जमत नाही. त्या लिहीत होत्या मोठमोठ्या कारखान्यांतल्या कंट्रोल रूमबद्दल, पण कुठल्याही सेल्फ चेकआउटपाशी थोडा वेळ उभं राहा, तंतोतंत तेच चाललेलं दिसेल.

नोकऱ्या गेल्या का, हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा त्यांना वाटतं एक दिवस मशीन येतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी पाठवतात. असं क्वचित होतं. होतं काय, की एक जण सोडून गेली तर तिच्या जागी नवीन भरत नाहीत, उरलेल्यांचे तास कापतात, आठवड्याची शिफ्ट पाचवरून तीनवर येते, सणासुदीला जास्तीची माणसं घ्यायचे ती घेत नाहीत. कागदावर कोणालाच काढलेलं नसतं. आणि ही शिकणाऱ्या पोरांची पहिली नोकरी असते, संसारातून काही तास काढून येणाऱ्या बायकांची असते, नव्या देशात आलेल्या माणसाची असते ज्याची डिग्री तिथं चालत नाही. त्यांना 'नवीन नोकऱ्या निर्माण होतात' सांगून काय उपयोग, मशीन दुरुस्त करणारा टेक्निशियन लागतो हे खरं, पण तो एक लागतो, आणि तो या काउंटरवरची ती बाई नसते.

तरी पण आकडे बघताना सांभाळून बघावं लागतं. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांनी अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्या कॉम्प्युटरमुळे मोठ्या धोक्यात आहेत असा अंदाज काढला होता, तो आकडा इतका गाजला की अजून कुठंही ऐकू येतो. त्यांच्या यादीत कॅशियरच्या कामाला धोका 97 टक्के. मग 2016 मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी काम करणाऱ्या अभ्यासकांनी अख्ख्या नोकरीऐवजी नोकरीतली एकेक कामं वेगळी काढून मोजली तर आकडा 9 टक्क्यांवर आला. 97 टक्केवाल्या भाकिताला दहा वर्षं झाली तरी अमेरिकेत अजून 30 लाखांच्या वर कॅशियर आहेत. कमी होतायत, तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज पण घसरणीचाच आहे, पण गायब नाही झाले. कारण कॅशियरचं काम म्हणजे नुसतं स्कॅन करणं नाही हे मशीन विकणाऱ्याला माहीत नसलं तरी लाल दिव्याला माहीत आहे.

इथं एटीएमवाले येऊन सांगतात की बघा, एटीएम आलं तेव्हा पण असंच रडला होतात. बरोबर आहे त्यांचं, आणि ते उदाहरण मला मनापासून आवडतं कारण त्यातूनच या मशीनची खोट कळते. पहिलं नोटा देणारं मशीन 27 जून 1967 ला लंडनच्या उत्तरेला एनफील्डमधल्या बार्कलेज बँकेत बसलं. पुढे अमेरिकेत एटीएमचा सुळसुळाट झाला तेव्हा जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, शहरातल्या एका शाखेत आधी साधारण 20 टेलर, म्हणजे खिडकीवर पैसे देणारे-घेणारे, लागायचे तिथं 13 पुरायला लागले, पण शाखा चालवणं त्यामुळे स्वस्त झालं म्हणून बँकांनी शाखाच 40 टक्क्यांहून जास्त वाढवल्या, आणि एकूण टेलर कमी झाले नाहीत, उलट जरा वाढले. नोटा मोजायचं काम गेलं, माणसांशी बोलायचं आणि कर्ज-खाती विकायचं काम आलं. (पुढे 2010 नंतर मोबाईलवरच बँक आली तेव्हा मात्र टेलर कमी व्हायला लागलेच, ती गोष्ट सांगायला लोक विसरतात.)

पण एटीएम खरंच काम करत होतं. नोटा ते मोजायचं, रात्री दोन वाजता पण मोजायचं, आपल्याला आत जाऊन स्वतः गड्ड्या मोजायला लावत नव्हतं. त्यामुळे खर्च खरा वाचला आणि त्या वाचलेल्या पैशातून पुढचं काहीतरी उभं राहिलं. सेल्फ चेकआउटमुळे कोणी चार दुकानं जास्त उघडली असं मला तरी दिसत नाही. अर्थतज्ज्ञ डॅरन असेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो असल्या प्रकाराला 'सो-सो' टेक्नॉलॉजी म्हणतात, म्हणजे जेमतेम, माणूस काढण्याइतकी चांगली पण उत्पादकता वाढवण्याइतकी चांगली नाही, आणि उदाहरण म्हणून ते दुकानातलं सेल्फ चेकआउट आणि फोनवरची ऑटोमॅटिक कस्टमर सर्व्हिस हीच दोन देतात. भीती खूप हुशार मशीनची नसावी, असल्या अर्धवट मशीनची असावी, असा त्यांचा सूर आहे, कारण खूप हुशार मशीन निदान सगळ्यांसाठी काहीतरी स्वस्त करतं. मला हे वाचल्यावर एकदम पटलं. म्हणजे कुठली नोकरी गेली एवढंच विचारून भागत नाही, तिच्या बदल्यात काय हाती आलं तेही विचारायला पाहिजे.

फोनवरून आठवलं, चॅटबॉटचा रिव्ह्यू वेगळा लिहायला हवा पण इथं एवढंच. क्लार्ना नावाची स्वीडिश पेमेंट कंपनी आहे, तिने 2024 च्या सुरुवातीला जाहीर केलं की आमचा एआय असिस्टंट 700 माणसांचं काम करतो. जगभर बातमी. 2025 मध्ये त्याच कंपनीच्या सीईओंनी सांगितलं की खर्चाकडे जरा जास्तच बघितलं गेलं आणि त्यात क्वालिटी खाली आली, आणि ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. 700 ची बातमी जेवढ्या लोकांनी शेअर केली त्याच्या पावपट लोकांनी तरी ही दुसरी शेअर केली का, शंका आहे.

दुकानांतही तसंच उलटं वारं वाहतंय. इंग्लंडच्या उत्तर भागात बूथ्स म्हणून सुपरमार्केट साखळी आहे, तेव्हा 28 दुकानांची, तिने 2023 च्या शेवटी जवळजवळ सगळ्या दुकानांतून ही मशीन काढायचं ठरवलं. अमेरिकेत डॉलर जनरलने 2024 मध्ये हजारो दुकानांतून काढली, टार्गेटने त्याच वर्षी बहुतेक दुकानांत दहा वस्तूंची मर्यादा घातली. कारण काय, तर माल जातो. लेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी गेल्या दशकात ग्राहकांनी स्वतः स्कॅन केलेल्या दहा लाख खरेद्या तपासल्या होत्या, त्यात सुमारे 4 टक्के किमतीचा माल स्कॅन न होताच बाहेर गेलेला सापडला. हे सगळे काही चोर नसतात, थकलेले असतात, घाईत असतात, आणि मुळात ते काम त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. काहींना वाटतं, मी फुकट राबतोय तर घेतलं थोडं, आता ते चूकच आहे, पण असं का वाटतं तेही कळतं. मग त्यावर उपाय म्हणून बाहेर पडताना पावती स्कॅन केल्याशिवाय उघडत नाही असं गेट, डोक्यावर कॅमेरा, आणि आपलाच चेहरा आपल्याला स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवणं. कॅशियरच्या पगारात वाचवलेले पैसे पहाऱ्यात घालायचे, असा तो व्यवहार.

मग म्हणे स्कॅनच नको. ॲमेझॉनने जानेवारी 2018 मध्ये सिएटलला असं दुकान उघडलं की उचला आणि चालू पडा, छतावरचे कॅमेरे आणि फळीवरचे सेन्सर बघून घेतील. खरंच भारी वाटलं होतं. एप्रिल 2024 मध्ये मात्र त्यांनी आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ती सिस्टीम काढायचं सांगितलं आणि त्याऐवजी स्वतःच स्कॅन करणारी ट्रॉली आणली. तेव्हा बातम्या आल्या की मागे भारतात बसलेली सुमारे हजार माणसं हे व्यवहार तपासायची. कंपनीचं म्हणणं, ते प्रत्येक खरेदी बसून बघत नव्हते, सिस्टीमला शिकवायला व्हिडिओत काय दिसतंय त्याची लेबलं लावायचे आणि थोडेच व्यवहार तपासायचे. ठीक आहे, धरून चालू तसंच. तरी माणसं होतीच ना. काउंटरवरची दिसणारी माणसं जाऊन लांब कुठंतरी न दिसणारी आली, कमी पगाराची, आणि गिऱ्हाइकाला वाटत राहिलं इथं कोणीच काम करत नाही. ऑटोमेशनने किती नोकऱ्या गेल्या हे मोजताना असल्या नोकऱ्या कुठल्या देशाच्या खात्यात धरायच्या, कोणी सांगेल का.

उलटी दोन उदाहरणं पण सांगते, मला आवडलेली. नेदरलँड्समध्ये युम्बो नावाच्या सुपरमार्केटने 2019 मध्ये मुद्दाम हळू चालणारं काउंटर सुरू केलं, ज्यांना गप्पा मारायच्यात त्यांनी तिथं यायचं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. ते इतकं चाललं की पुढे 200 दुकानांत न्यायचं ठरलं. जे काम मशीनने 'वेळखाऊ' म्हणून काढून टाकलं तेच इथं सर्व्हिस म्हणून दिलंय. दुसरं अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं, तिथं पेट्रोल पंपावर स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने बंदी आहे आणि आजही आहे, भरणारा माणूस लागतोच. ऑरेगॉनमध्ये पण अशी बंदी होती, ती 2023 मध्ये उठली. मला स्वतःला असली बंदी नको वाटते, नळी धरायला येत असताना गाडीत बसून वाट बघायची म्हणजे वैताग. पण एक कळतं, की एकाच देशातल्या दोन राज्यांत तेच मशीन असून एकीकडे नोकरी राहते आणि एकीकडे जाते, म्हणजे हे कोणीतरी ठरवतं. 'टेक्नॉलॉजी आली, काय करणार' असं हात झटकून जे सांगतात त्यांनी कुठल्यातरी मीटिंगमध्ये हात वर केलेला असतो.

आणि पूर्ण नोकरी नाहीशी होणं तसं दुर्मिळच. वर सांगितलेल्या बेसन यांनीच 1950 च्या अमेरिकन जनगणनेतले 270 हून जास्त व्यवसाय घेऊन बघितलं, त्यातला 2010 पर्यंत ऑटोमेशनमुळे पूर्ण संपलेला एकच निघाला, लिफ्टमन. बाकीचे काही मागणी संपून गेले, काही आहेत पण आकसलेत, आणि बरेच आहेत पण आतून वेगळेच झालेत. कॅशियर त्या शेवटच्या प्रकारात चाललीय. नाव तेच, काम पहाऱ्याचं, तास कमी.

रेटिंग. रांगेसाठी आणि न बोलता काम होण्यासाठी एक स्टार, तो मशीनचा. दीड स्टार त्या उभ्या असलेल्या बाईचा, ती नसेल तर हे मशीन अर्धा दिवस पण चालणार नाही, हे वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उरलेले अडीच कापले, त्यातला एक सुट्या मालाच्या स्क्रीनसाठी, एक बाहेरच्या त्या गेटसाठी, आणि अर्धा म्हणजे माझी मजुरी समजा.

दुकानदार वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मशीन ठेवा, पण माणसांचे काउंटर चालू ठेवून ठेवा. रात्रीच्या वेळी सगळे काउंटर बंद आणि भरलेली ट्रॉली घेऊन मशीनपाशी जा, हा प्रकार मी मोजायला लागले तर शून्य स्टार पडतील. चार मशीनच्या वर एका माणसावर टाकू नका. आणि तिच्या कामाला कॅशियरचा नाही, सुपरवायझरचा पगार द्या, कारण ती तेच करते.

वापरणाऱ्यांसाठी: थोड्या वस्तू असतील तर खुशाल वापरा, कोणाची नोकरी वाचवायला म्हणून मोठ्या रांगेत उभं राहायची गरज नाही, पण ट्रॉली भरलेली असेल आणि काउंटर उघडा असेल तर तिकडेच जा, लवकर सुटाल. कापडी पिशवी आधी ठेवा आणि बटण दाबा, मग स्कॅन सुरू करा. हलकी वस्तू जड वस्तूबरोबर एकदम ठेवू नका, एकेक ठेवा. लाल दिवा लागला तर वस्तू उचलून परत ठेवून, पिशवी हलवून, स्क्रीनवर बोटं आपटून काही होत नाही, उलट काटा जास्त गोंधळतो आणि मदतीला येणाऱ्या बाईला मुळात काय अडलं होतं ते कळत नाही. जसं आहे तसं राहू द्या, हात वर करा, ती येते.